दान आणि देणे : सर विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख



मी कामगार चळवळीतला मनुष्य. माझे शाळेतले शिक्षण आठव्या इयत्तेत संपले. 1982 सालच्या 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात माझ्या वडिलांचे गिरणीतले काम कायमचे गेले. आम्ही बिऱ्हाड उचलून भिवंडीला आलो. वडील यंत्रमागावर उभे राहिले, आई घरी कांड्या भरू लागली, आणि मी दिवसा मागावर व रात्री ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर असा वाढलो. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार पदवीचा नव्हे, तर गरजेचा आहे. एक प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. त्याचे उत्तर शोधताना मी ज्या इतिहासापर्यंत गेलो, तो आज आपल्यापुढे मांडतो.

प्रश्न कसा पडला ते आधी सांगितले पाहिजे. नदीनाक्यापलीकडच्या शेलारमध्ये आणि आसपासच्या वस्तीत मागावर काम करणाऱ्यांची कुटुंबे राहतात. एका खोलीत सहा-सात माणसे, आणि बाहेर रात्रंदिवस मागांचा खडखडाट. दहावीला बसलेल्या मुलीने अभ्यास करावा कोठे? काही वर्षांपूर्वी एका कारखानदाराने मुलींच्या अभ्यासिकेसाठी एक खोली आणि पुस्तकांचे कपाट देऊ केले. त्याच महिन्यात त्याच्याशी आमचा मजुरीच्या दराचा तंटा चालू होता. मी कमिटीत उठून म्हणालो, हे दान नव्हे, ही लाच आहे. दर द्या, दान नको. सर्वांनी माझे ऐकले. पुढे दराचा तंटा कसाबसा मिटला. पण खोलीचे बोलणे पुन्हा कोणी काढले नाही. काही महिन्यांनी कांड्या भरणारी एक बाई मला म्हणाली, “भाऊ, दरही आमचा, खोलीही आमचीच. एकासाठी दुसरं का सोडलंत?” मला उत्तर देता आले नाही.

मालकाने दिलेल्या पैशाकडे कामगाराने कोणत्या नजरेने पाहावे? या प्रश्नाचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला दिलेले पंधरा लाख रुपये. देणारा गिरणीमालक, घेणारा निर्धन प्राध्यापक, आणि साल मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मोठ्या संपाचे. माझ्या प्रश्नाची तिन्ही टोके येथे एकत्र येतात.

धनिकांनी विद्येला आश्रय देण्याची आपल्याकडची परंपरा याहून जुनी आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, ते नाना शंकरशेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, लोक मुलींच्या शाळेवर दगड मारीत त्या काळात, गिरगावातली आपली जागा मुलींच्या शाळेला दिली. ग्रँट रोडवर नाटकगृह उभे राहिले ते नानांच्या जागेवर, आणि विष्णुदास भावे यांच्या मंडळीने 1853 साली मुंबईकरांना मराठी नाटक दाखविले ते याच नाटकगृहात. मुलींचे शिक्षण आणि नाटक-संगीतादी कला या दोहोंना एकाच माणसाचा हात लागावा, हा केवळ योगायोग नव्हे. जुन्या समाजात या दोन्ही गोष्टी प्रतिष्ठित घराच्या उंबऱ्याबाहेरच्या होत्या. त्यांना आत आणायचे तर ज्याच्या शब्दाला वजन आहे असा मनुष्य लागे, आणि वजन त्या काळी पैशाला होते. तसे ते आजही आहे. पण एवढ्याने भागत नसे. 1848 साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती पैशाच्या नव्हे तर हिमतीच्या बळावर. शिक्षणाला दोन्ही लागतात: हिंमत आणि हिशेब.

धोंडो केशव कर्वे यांच्यापाशी हिंमत होती. 18 एप्रिल 1858 रोजी त्यांचा जन्म झाला. प्रथम पत्नीच्या निधनानंतर 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि स्वतःच्या गावाचा बहिष्कार पत्करला. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो 1900 साली पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत, आणि दिवसाचे काम संपले की चिखलातून, काट्याकुट्यांतून चालत हिंगण्याला जात. 1907 साली त्यांनी महिला विद्यालय सुरू केले. पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी असे विद्यापीठ हिंदुस्थानातही व्हावे ही कल्पना मांडली, आणि 1916 च्या जूनमध्ये विद्यापीठ सुरू करूनही दाखविले. पहिले कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. महाविद्यालयात विद्यार्थिनी पाच!

पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ म्हटल्यावर लोक हसले असतील. परंतु या विद्यापीठात एक गोष्ट होती, जी त्या वेळच्या मोठ्या विद्यापीठांत नव्हती. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, हा त्याचा पाया होता. इंग्रजीचे अध्ययन होते, पण इतिहास, शास्त्र, आरोग्य हे विषय मराठीतून शिकवावयाचे. पदव्यांची नावेसुद्धा आपल्या परंपरेतली: गृहीतागमा आणि प्रदेयागमा. आज ही नावे जड वाटतील. पण विचार करा, पाठ्यपुस्तके नाहीत, पारिभाषिक शब्द नाहीत, सरकारची मान्यता नाही, आणि तरीही मराठीत पदवी देण्याचे धाडस करावयाचे. स्त्रीशिक्षणाचे कार्य येथे भाषेचे आणि संस्कृतीचेही कार्य होते. मराठीला कॉलेजच्या वर्गात बसण्याचा अधिकार आहे, हे सिद्ध करण्यात मुलींचा वाटा मोठा आहे.

आक्षेप घेणारेही होते, आणि ते सर्व सनातनी नव्हते. स्त्रियांना पुरुषांसारखेच शिक्षण द्यावे, असे आगरकर सांगून गेले होते. मग मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला? गृहव्यवस्था आणि आरोग्य सक्तीचे आणि गणित ऐच्छिक, म्हणजे पुन्हा चुलीकडेच नव्हे काय? हा आक्षेप अगदीच फोल होता असे मी म्हणणार नाही. पण त्या काळी मुलीचे लग्न बारा-चौदाव्या वर्षी होत असे, आणि मॅट्रिकच्या परकी भाषेच्या भिंतीवर डोके आपटून बहुतेक मुली परत फिरत. कर्व्यांनी भिंत पाडण्याची वाट न पाहता दार काढले. दार लहान होते, हे खरे. पण त्यातून मुली आत गेल्या.

आता पैशाकडे येऊ. कर्व्यांची पैसा जमविण्याची रीत आमच्या युनियनच्या वर्गणीसारखी होती. गावोगाव जावे, दारोदार उभे राहावे, वर्षाला पाच-दहा रुपये देणारे सभासद करावेत, आणि आणा-पैचा हिशेब छापून प्रसिद्ध करावा. मुंबईच्या चाळीत वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता काय सोसतो, हे मला ठाऊक आहे; म्हणून साठी उलटलेल्या कर्व्यांची ती पायपीट मी डोळ्यांपुढे आणू शकतो. परंतु वर्गणीवर शाळा चालते. विद्यापीठ चालणे कठीण.

विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईच्या भाटिया समाजातले गिरणीमालक. जन्म 1873 चा. 1908 साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. कायदेमंडळात ते अर्थकारणावर अधिकाराने बोलत. 1911 साली लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी मध्यवर्ती सहकारी बँक उभारली. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी निघालेली हीच बँक पुढे महाराष्ट्राच्या सहकाराचा कणा झाली. तेव्हा हा मनुष्य केवळ नफा मोजणारा नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. 1919-20 मध्ये ते पत्नी प्रेमलीलाबाई यांच्यासह जगप्रवासाला गेले. बरोबर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. या प्रवासात त्यांनी जपानचे महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. कर्व्यांनी जे पुस्तिकेत वाचले होते, ते ठाकरसींनी डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली.

देणगीची तऱ्हा व्यापाऱ्याची होती. पंधरा लाखांचे साडेतीन टक्क्यांचे सरकारी रोखे, आणि त्यांचे वार्षिक व्याज 52,500 रुपये विद्यापीठाला. अटीही होत्या. विद्यापीठाला आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव द्यावे, ही एक. त्याचे मुख्य ठाणे पुढे मुंबईस न्यावे, ही दुसरी. कर्व्यांनी अटी मान्य केल्या. ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ हे लांबलचक नाव तेव्हापासूनचे. 1936 साली ठाणे मुंबईला गेले. स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने आणि 1951 पासून, त्याला सरकारमान्य विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे पस्तीस वर्षे हे विद्यापीठ राजमुद्रेवाचून उभे होते. ते कशावर तगले? लोकांच्या पाच-दहा रुपयांवर आणि या व्याजावर.

येथवर मी देणगीची एक बाजू सांगितली. दुसरी सांगितली नाही तर माझ्या वडिलांच्या तीस वर्षांच्या घामाशी मी बेइमानी करीन.

हे पंधरा लाख आले कोठून? पहिल्या महायुद्धात बाहेरचे कापड येणे आखडले आणि मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला. त्याच काळात धान्य महागले, इन्फ्लुएंझाच्या साथीत माणसे मेली, आणि मजुरी मात्र महागाईच्या मागे रखडत राहिली. 1919 च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. 1920 च्या जानेवारीत पुन्हा. या दुसऱ्या संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले, आणि तो मिटला तेव्हा कामाचा दिवस बारा तासांवरून दहा तासांवर आला. त्याच वर्षाच्या 31 ऑक्टोबरला मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. एकाच वर्षात, एकाच शहरात, एकाच कापडाच्या धंद्यातून दोन गोष्टी निघाल्या: महिला विद्यापीठाचा निधी आणि कामगारांची मध्यवर्ती संघटना. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. मला त्या एका ताण्याबाण्यात दिसतात.

आणि त्या गिरण्यांत बायकाही होत्या. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचांत एक कामगार स्त्री होती. रिळे आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत त्यांची गर्दी असे. त्यांची मजुरी पुरुषाच्या सुमारे निम्मी. बाळंतपणाला रजा नाही, भत्ता नाही. तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन आया कामावर जात. ज्या वर्षी नाथीबाईंच्या नावाने विद्यापीठ झाले, त्या वर्षी या बायांच्या मुली त्याच्या पायरीपर्यंतही पोहोचू शकत नव्हत्या. विद्यापीठाला जाण्यासाठी आधी शाळेत जावे लागते, आणि शाळेत जाण्यासाठी धाकट्या भावाला सांभाळणारे दुसरे कोणी घरात असावे लागते.

त्या बायांना आधार मिळाला तो दानाने नव्हे, कायद्याने. 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. दान आणि हक्क यांच्यातला भेद येथे लख्ख दिसतो. दान हे देणाऱ्याच्या मनावर असते. विठ्ठलदासांनी जपान पाहिला नसता तर? त्यांच्या मनात दुसरे काही आले असते तर? ते 1922 साली, पन्नाशीच्या आतच वारले. देणगीला दोन वर्षे उशीर झाला असता तर काय झाले असते, कोण जाणे. हक्काचे तसे नाही. कायदा मालकाच्या मरणाने मरत नाही. परंतु कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागतो आणि रात्रपाळी देता येत नाही, या सबबीवर पुढे बायकांना गिरण्यांतून हळूहळू कमी करण्यात आले. पाचांत एक असलेल्या बायका शेवटी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. ज्या बाईपाशी दुसरे काही कौशल्य, दुसरी विद्या नव्हती, तिच्या हातात कायदा राहिला आणि काम गेले. म्हणजे हक्कालाही विद्येचा आधार लागतो.

हा धडा मला फार उशिरा कळला. आमच्या चळवळीने दर, तास, बोनस यांसाठी रक्त आटविले. ते आवश्यकच होते. पण मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आम्ही ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवला. ते ‘नंतर’ कधी आले नाही.

आता प्रेमलीलाबाईंविषयी दोन शब्द. विठ्ठलदास गेले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसच्या आसपास होते, मूलबाळ नव्हते. श्रीमंत घरची तरुण विधवा म्हणजे त्या काळी सोन्याच्या पिंजऱ्यातला बंदिवास. विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या कर्व्यांचे विद्यापीठ एका विधवेच्या हाती पुढे विसावले, यात मला इतिहासाचा न्याय दिसतो. पतीच्या देणगीची राखण करीत त्या घरी बसल्या नाहीत. विद्यापीठाच्या कारभारात शिरल्या, आणि पुढे त्याच्या कुलगुरू झाल्या. पुण्यातले त्यांचे घर ‘पर्णकुटी’. मे 1933 मध्ये एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या आरंभीच तुरुंगातून सुटलेले गांधीजी तेथेच राहिले आणि ते उपोषण तेथेच पार पडले. जून 1933 मध्ये देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला तोही या घरात. कस्तुरबा स्मारक निधीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 1975 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 1977 साली त्या वारल्या. विठ्ठलदासांनी पैसा दिला. प्रेमलीलाबाईंनी जन्म दिला. माझ्या मते मोठे दान दुसरे.

आणि कर्वे? विद्यापीठ मुंबईला स्थिरावले त्याच 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि खेड्यांतल्या शाळांसाठी पुन्हा हातात वर्गणीचे पुस्तक घेतले. लाखांच्या देणगीने त्यांना पैशाचा मोह पडला नाही, की एकेक आण्याची किंमत कमी वाटू लागली नाही. विद्यापीठाचा कळस चढल्यावर हा मनुष्य परत पाया खणायला गेला, कारण शेलारसारख्या गावातली मुलगी पहिलीत बसल्यावाचून विद्यापीठाच्या दारात उभी राहणार नाही, हे गणिताच्या प्राध्यापकाला समजत होते. 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले.

तर मग माझ्या प्रश्नाचे उत्तर काय? पंधरा लाख हे दान की कामगारांचे देणे? मला आता असे वाटते की ते दोन्ही होते. ज्या नफ्यातून ते आले, त्यात कांड्या भरणाऱ्या बायांच्या निम्म्या मजुरीचा अंश होता; त्या अर्थी ते देणे होते. परंतु त्या काळच्या किती गिरणीमालकांनी ते देणे मानले? नफा घोड्यांच्या शर्यतींवर गेला, बंगल्यांवर गेला. एकाने तो मुलींच्या विद्यापीठाला, तोही आईच्या नावाने आणि मातृभाषेच्या शिक्षणासाठी दिला. देणे फेडणाऱ्याला आपण सावकार म्हणत नाही, पण बुडव्याही म्हणत नाही. त्याची पावती करावी, आणि बाकी किती उरली तेही स्पष्ट लिहावे.

मुंबईच्या बहुतेक गिरण्यांची धुरांडी थंड झाली. ज्या जागी माझे वडील साच्यावर उभे राहत, तेथे आज काचेचा मनोरा आहे. पण चर्चगेट, जुहू आणि पुणे येथे नाथीबाईंच्या नावाचे विद्यापीठ चालू आहे. कापड विरले, नफा उडाला, शाळा राहिली. कामगाराच्या घामाचा जो अंश विद्येत गेला, तेवढाच टिकला. हे समजले असते तर त्या दिवशी कमिटीत मी वेगळे बोललो असतो. मी म्हणालो असतो, दर हा आमचा हक्क आहे, त्यासाठी आम्ही भांडू. आणि खोली ही आमच्या मुलींची आहे, तिची किल्ली आजच द्या. पावती देऊ, आभार मानावयाचे की नाही ते मुली ठरवतील.

ती खोली पुढे झाली, वर्गणीतून. पत्र्याचे छप्पर, दोन लांब बाके, एक कपाट. मागांचा आवाज तेथेही येतो. संध्याकाळी पंधरा-वीस मुली बसतात. ज्या बाईने मला तो प्रश्न विचारला, तिची थोरली मुलगी मात्र तेथे कधी बसली नाही. खोलीवाचून गेलेल्या त्या दोन वर्षांत तिची शाळा सुटली. ती आता आईशेजारी बसून कांड्या भरते. धाकटी बारावीला आहे. थोरलीचे ते देणे माझ्या नावावर आहे, आणि ते फिटणारे नाही. म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने, चार लोकांसमोर, मी त्याची नोंद करून ठेवतो.